फर्स्ट डे कव्हर आणि त्यामागचा माग : कोकणातून नेहमी येणारे प्रश्न

मे महिन्यात आणि गणपतीत माझ्याकडे येणारे प्रश्न एकदम वाढतात. मुंबई-पुण्याची मंडळी गावी येतात, बंद घरं उघडतात, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंका खाली उतरतात आणि त्यांत जुनी पाकिटं निघतात. मग "याचं काय करायचं?" असं विचारत फोटो येतात. मी चिपळूणची. पंचवीस वर्षं फर्स्ट डे कव्हरं जमवते आहे. पण मला खरी ओढ आहे ती कव्हर कुठून निघालं, कोणत्या वाटेनं आलं आणि कोणाच्या हाती पडलं हे शोधण्याची. सारखे विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. जिथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फर्स्ट डे कव्हर म्हणजे नेमकं काय?

नवीन टपाल तिकीट ज्या दिवशी प्रसिद्ध होतं, त्याच दिवशी ते पाकिटावर लावून त्यावर त्याच तारखेचा शिक्का मारला, की ते फर्स्ट डे कव्हर. टपाल खात्याच्या भाषेत 'प्रथम दिवस आवरण'. खात्यानं काढलेल्या कव्हरावर डाव्या बाजूला विषयाशी संबंधित चित्र असतं आणि शिक्काही खास त्या तिकिटासाठी तयार केलेला असतो. एकाच तिकिटाची कव्हरं वेगवेगळ्या शहरांच्या शिक्क्यांची मिळतात, म्हणून शहराचं नाव आवर्जून वाचा.

तिकिटासोबत एक माहितीपत्रकही निघतं. त्यात विषयाची माहिती, प्रसिद्धीची तारीख, किती तिकिटं छापली, कुठे छापली हे दिलेलं असतं. नवे संग्राहक ते घेत नाहीत आणि नंतर शोधत बसतात. कव्हराबरोबरच घेऊन ठेवा.

२. घरात 'विशेष आवरण' असं छापलेलं पाकीट आहे. तेही फर्स्ट डे कव्हरच ना?

नाही. विशेष कव्हर एखाद्या स्थानिक प्रसंगासाठी निघतं: शाळेची शताब्दी, प्रदर्शन, भौगोलिक मानांकन मिळालेलं पीक किंवा हस्तकला. त्यावरचं तिकीट आधीपासून चालू असलेलं असतं, नवा असतो तो शिक्का. त्याला मंजुरी राज्याच्या टपाल मंडळाच्या पातळीवर मिळते. नवीन तिकिटाचा निर्णय मात्र दिल्लीत होतो.

कमी लेखू नका, एवढं सांगते. आपल्या गावाच्या इतिहासाच्या दृष्टीनं विशेष कव्हर पुष्कळदा जास्त मोलाचं असतं, कारण त्यामागे गावातल्या कुणाची तरी खटपट असते.

३. कोकणात राहून नवीन कव्हरं कशी मिळवायची?

जिल्ह्याच्या मुख्य डाकघरात आधी चौकशी करा. तिथे फिलाटेलीचा, म्हणजे तिकीट-संग्राहकांसाठीचा, काउंटर असेल तर कव्हर आणि माहितीपत्रक मिळतं. नाहीतर फिलाटेली ठेव खातं उघडा. ठरावीक रक्कम भरून तुम्हाला काय काय हवं ते एकदा कळवायचं, की नवीन तिकिटं नि कव्हरं घरपोच येत राहतात. मुंबईच्या जीपीओत, म्हणजे मुख्य टपाल कचेरीत, फिलाटेली ब्युरो आहे. चाकरमानी नातेवाईक असेल तर त्याच्याकरवी तिथून घेणं सर्वांत सोपं. मीही सुरुवातीची दहा वर्षं मामेभावाकरवीच कव्हरं मागवत होते.

४. मी स्वतः फर्स्ट डे कव्हर तयार करू शकतो का?

हो, आणि कराच. नवीन तिकीट त्याच दिवशी विकत घ्या, स्वतःच्या पाकिटावर लावा, आणि पोस्टात विनंती करून त्या दिवसाचा तारखेचा शिक्का मारून घ्या. पाकीट चांगल्या जाड कागदाचं असू द्या. आत पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घातला तर शिक्का स्वच्छ उमटतो.

लहान गावात अडचण अशी, की तिकीट त्या दिवशी तिथे पोचतच नाही. तेव्हा आदल्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन राहण्यावाचून इलाज नसतो. "उद्या तिकीट आलं की आजची तारीख मारून द्या" असं कुणाला सांगू नका. तसं कव्हर खोटं ठरतं आणि शिक्का मारणाऱ्यालाही तुम्ही अडचणीत आणता.

एका पोस्टात घाईच्या वेळी मी पाकीट खिडकीतून सरकवलं. समोरच्या माणसानं रोजच्या सवयीनं दणकन शिक्का हाणला. शाई फाकली, तिकिटाचा चेहरा काळा झाला आणि तारीख वाचताही येईना. तेव्हापासून मी दुपारी, गर्दी ओसरल्यावर जाते, काय हवं आहे ते नीट सांगते, आणि आधी एका कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून बघायला सांगते. सांगितल्यावर बहुतेक जण फार मनापासून मारून देतात.

५. कव्हरावर पत्ता लिहावा की कोरं ठेवावं?

कोरी कव्हरं दिसायला सुंदर आणि अल्बममध्ये शोभतात. पण माझा कल पत्ता असलेल्या, खरोखर टपालानं गेलेल्या कव्हराकडे आहे. कोऱ्या कव्हरावर एक तारीख असते. प्रवास केलेल्या कव्हरावर निघाल्याची तारीख, पोचल्याची तारीख, कधी मधल्या ठिकाणाचा शिक्का आणि लिहिणाऱ्याचं अक्षर असतं. दोन कव्हरं घेणं परवडत असेल तर एक कोरं ठेवा आणि एक स्वतःच्याच पत्त्यावर पाठवा.

पूर्वी अशी कव्हरं रजिस्टर करून पाठवायचे, म्हणजे ती जपून यायची आणि त्यांवर नोंदणीची चिठ्ठीही असायची. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. त्यामुळे जुन्या रजिस्टर कव्हरांवरच्या त्या चिठ्ठ्या आता इतिहासजमा झाल्या. असतील तर काढून टाकू नका.

६. माळ्यावर पाकिटांचा गठ्ठा सापडलाय. तिकिटं सोडवून ठेवू का?

नका सोडवू. या पानावरचं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. पाण्यात भिजवून तिकीट सुटतं, पण त्याबरोबर शिक्का अर्धा होतो, पत्ता जातो, मागचे शिक्के जातात. उरतं ते एक सुटं तिकीट, जे बाजारात कुणालाही मिळतं.

गठ्ठा जसा बांधला आहे तसाच आधी फोटोत घ्या. कुणीतरी तो काही हिशेबानं बांधलेला असतो: एका मुलाची पत्रं एकत्र, एका वर्षाची एकत्र. तो क्रम मोडला की ती माहिती गेली. मग सुती दोरी सोडा. रबर लावलेलं असेल तर ते कागदाला चिकटलेलं असतं, ओढू नका, कडेनं कापा. टाचणी गंजली असेल तर तीही ओढू नका, कागदाचा तुकडा निघून येतो. प्रत्येक पाकिटाची पुढची आणि मागची बाजू टिपा. मागची बाजू लोक हमखास विसरतात, आणि पोचल्याचा शिक्का तिथेच असतो.

गठ्ठ्यात मनीऑर्डरची कूपनं निघतील. कोकणातल्या बहुतेक घरांत निघतात, कारण आपली घरं वर्षानुवर्षं मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालली. कूपनावर दोन ओळी लिहायला जागा असे, आणि त्या दोन ओळींत "गाय व्याली का, पागोळीचं काम करून घ्या" असं सगळं बसवलेलं असे. ती फर्स्ट डे कव्हरं नव्हेत, पण त्याच गठ्ठ्यात ठेवा.

आणि घरातलं जुनं माणूस हयात असेल तर आजच शेजारी बसवून एकेक पाकीट दाखवा. पत्त्यावरचे 'बाबू' कोण आणि 'खालच्या वाडीतली माई' कोण, हे सांगणारं दुसरं कुणी नसतं.

७. शिक्का पुसट आहे, तारीख वाचता येत नाही. पाकीट कधीचं आहे हे कसं ओळखायचं?

आधी तिकिटाची किंमत बघा. आणे असतील तर तिकीट १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. 'नये पैसे' असेल तर १९५७ नंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. १९६४ मध्ये 'नये' शब्द गळला. पण पाकिटाबद्दल तिकीट फक्त "याच्या आधीचं नाही" एवढंच सांगतं. घरात पडून राहिलेलं तिकीट पुढे कधीही लावलेलं असू शकतं.

मग पत्ता वाचा. कोकणात पत्ता फार बोलका आहे. 'मुंबई राज्य' असेल तर बहुधा १ मे १९६० पूर्वीचं. 'मालवण, जि. रत्नागिरी' असेल तर १ मे १९८१ च्या आधीचं, कारण त्या दिवशी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. 'अलिबाग, जि. कुलाबा' असेल तर तेही जुनं, कारण कुलाब्याचं रायगड झालं ते १९८१ मध्येच. जुनी माणसं जुनं नाव पुढेही लिहीत राहिली, हे मात्र ध्यानात ठेवायचं. पत्ता हा दुजोरा आहे, एकटा पुरावा नाही.

सर्वांत भरवशाची खूण पिन कोड. तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. सहा आकडे दिसले की पाकीट त्यानंतरचं. आणि ही पद्धत ज्यांनी बसवली ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्याच वेळणेश्वरचे. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृत कवी. गुहागर तालुक्यातल्या एका माणसानं साऱ्या देशाच्या पत्त्याला आकडे दिले, हे आपल्याकडच्या मुलांना माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं.

पिनचे पहिले तीन आकडे टपालाची वर्गवारी कुठे होते ते सांगतात. रत्नागिरीचा पिन ४१५६१२, साताऱ्याचा ४१५००१. सावंतवाडीचा ४१६५१०, कोल्हापूरचा ४१६००१. म्हणजे पिन ठरला तेव्हा, कोकणात रेल्वे नसताना, आपलं टपाल घाटावरच्या गावांशी बांधलेलं होतं. त्या सहा आकड्यांत मला घाटवाटा दिसतात. याचा उपयोग कसा होतो तो पुढच्या उत्तरात पाहा.

८. माग कसा काढता ते एखाद्या कव्हरावरून दाखवाल का?

माझ्या संग्रहातलं आवडतं कव्हर घेते. लोकमान्य टिळकांच्या जन्मशताब्दीचं दोन आण्यांचं तिकीट २३ जुलै १९५६ ला निघालं. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, २३ जुलै १८५६. माझ्या कव्हरावर मुंबईचा त्याच दिवसाचा शिक्का आहे आणि पत्ता रत्नागिरीचा. पाकीट साधं, बदामी, चित्र काही नाही. निळी शाई, टाकानं लिहिलेलं अक्षर, 'रत्नागिरी'च्या वेलांट्या लांब ओढलेल्या. खालचा उजवा कोपरा पाण्यानं फुगून वाळलेला.

पाठीमागे दोन शिक्के आहेत. एक कोल्हापूरचा, २५ जुलै. दुसरा रत्नागिरीचा, २६ जुलै. मुंबई ते रत्नागिरी जाणारं पत्र कोल्हापूरला कशाला गेलं, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तेव्हा मी त्याला चुकीचा शिक्का समजले होते. उत्तर महिन्यात आहे. जुलै! पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या बोटी बंद. एरवी मुंबईहून बोटीनं बंदरात उतरणारं टपाल पावसात घाटावरून फिरून येई: रेल्वेनं कोल्हापूर, तिथून मोटारीनं आंबा घाट उतरून रत्नागिरी. सोमवारी निघालेलं पत्र गुरुवारी पोचलं. तो फुगलेला कोपराही बहुधा त्याच घाटातल्या पावसाचा.

पाठवणाऱ्याचं नाव पाकिटावर नाही. पण त्यानं टिळकांचं तिकीट पहिल्याच दिवशी घेऊन टिळकांच्याच गावी धाडलं. हे योगायोगानं होत नाही, जाणून केलेलं आहे.

पद्धत म्हणाल तर एवढीच: पुढचा शिक्का, मागचे शिक्के, त्यांतलं अंतर, महिना, आणि त्या काळी त्या महिन्यात कोणती वाट उघडी होती. शेवटच्या गोष्टीसाठी जुन्या माणसांना विचारा. कुठल्या बंदरात बोट लागायची, पडावातून माणसं कशी उतरायची, पहिली एसटी गावात कधी आली, हे त्यांना पाठ असतं.

९. कोकणाशी नातं असलेली कोणती कव्हरं जमवता येतील?

टिळकांचं वर आलंच. महर्षी कर्व्यांचं १८ एप्रिल १९५८ चं (प्रश्न १०). छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीचं १९७४ चं (प्रश्न ११). डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं १४ एप्रिल १९६६ चं. त्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. सावरकरांचं २८ मे १९७० चं. १९२४ ते १९३७ ते रत्नागिरीत स्थानबद्ध होते. विनोबांचं १५ नोव्हेंबर १९८३ चं. जन्म पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. विनोबांच्या कव्हराची तारीख जन्मदिवसाची नाही, ती पहिल्या पुण्यतिथीची आहे. आणि १९९८ मधलं कोकण रेल्वेचं.

माझा सल्ला असा, की सगळं जमवण्याच्या मागे लागू नका. एक तालुका धरा, किंवा एक माणूस धरा. दापोली-मंडणगड एवढ्यावरही सुंदर अल्बम होतो.

१०. हयात माणसावर तिकीट निघत नाही म्हणतात. मग कर्व्यांचं कसं?

तो अपवादच आहे, आणि पहिला आहे. स्वतंत्र भारतात हयातीत तिकीट निघालं ते सर्वप्रथम धोंडो केशव कर्व्यांचं, त्यांच्या शंभराव्या वाढदिवशी. पुढे १९६० मध्ये विश्वेश्वरय्यांचंही त्यांच्या शंभराव्या वाढदिवशी निघालं.

कर्व्यांचा जन्म खेड तालुक्यातल्या शेरवलीचा, बालपण दापोलीजवळच्या मुरुडचं. परीक्षेला बसण्यासाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत चालत गेलेला आणि वयानं लहान दिसतो म्हणून परत धाडलेला हा मुलगा. त्या १५ नये पैशांच्या तिकिटाकडे बघताना मला ती पायवाट आठवते. मुरुडच्या पोस्टाचा शिक्का असलेलं त्या महिन्यातलं कव्हर मी अजून पाहिलेलं नाही. कुणाकडे असेल तर फक्त फोटो दाखवा, विकत मागणार नाही.

११. राज्याभिषेक ६ जूनचा. मग त्रिशताब्दीच्या कव्हरावर २ जून १९७४ कशी? चूक आहे का?

चूक नाही. राज्याभिषेक झाला ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, शके १५९६. त्या दिवशी इंग्रजी तारीख ६ जून १६७४ होती. १९७४ साली ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी आली २ जूनला. तिकीट तिथीनं निघालं.

आपल्याकडच्या कव्हरांची तारीख विचित्र वाटली की आधी पंचांग काढा. मग पुण्यतिथी, संस्थेची स्थापना, उद्घाटनाचा दिवस असं तपासत जा. माहितीपत्रकात पुष्कळदा कारण दिलेलं असतं.

१२. गोव्यातल्या आजोळी पोर्तुगीज तिकिटांची पाकिटं आहेत. ती भारतीय कव्हरांत ठेवायची की परदेशी?

वेगळा भाग करा. पोर्तुगीज भारताची तिकिटं १८७१ पासून आहेत. आधी रेइश, मग रुपया-टांग, आणि १९५९ पासून एस्कुदो-सेंताव अशी नाणी त्यांवर दिसतात. त्यावरून काळ लागतो. भाऊबंद एक, बोली एक, पण आरोंद्याच्या खाडीपलीकडचं, म्हणजे गोव्यातलं, तिकीट दुसऱ्या देशाचं, अशी परिस्थिती १९६१ पर्यंत होती.

अडचणीचा आणि मोलाचा काळ आहे तो मुक्तीनंतरचे काही दिवस. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. भारतीय तिकिटं तिथे २९ डिसेंबरपासून आली, आणि जुनी तिकिटं ५ जानेवारी १९६२ पर्यंत चालली. त्या आठवडाभरात दोन्ही तिकिटं वापरात होती. अशा तारखांचं पाकीट असेल तर ते कुणाला देऊ नका, साफही करू नका, आधी जाणकाराला दाखवा.

१३. सावंतवाडी संस्थानाचं तिकीट सापडलंय. त्याचं फर्स्ट डे कव्हर असेल का?

नाही. संस्थानांची अशी तिकिटं साधारणपणे कोर्ट फीची किंवा महसुलाची असतात, दस्तऐवजावर लावायची. ती टपालासाठी नव्हती. सुटी करू नका, अख्खा कागद ठेवा. तो जमिनीच्या इतिहासाचा पुरावा असतो.

१४. १९७२ च्या पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं आणखी एक तिकीट आहे. कुणी मागाहून लावलं का?

बहुधा नाही. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून ३१ मार्च १९७३ पर्यंत टपालावर पाच पैशांचा जादा आकार होता. त्याचं तिकीट वेगळं लावावं लागे. सुरुवातीला उपलब्ध तिकिटांवरच 'रिफ्यूजी रिलीफ' असा छाप मारून काम भागवलं. गावोगावी हे छाप वेगवेगळे दिसतात, म्हणून कोकणातल्या पोस्टांचे छाप कुणी मिळवून ठेवले तर फार मोठं काम होईल.

त्या काळात प्रवास केलेल्या फर्स्ट डे कव्हरावर हे तिकीट दिसलं तर आनंद माना. ते कव्हर खरोखर टपालातून गेल्याची ती खूण आहे.

१५. आपल्याकडच्या पावसाळ्यात कव्हरं कशी टिकवायची?

इथे मी चुकून शिकले. पहिला अल्बम मी चकचकीत मऊ प्लास्टिकच्या खिशांचा घेतला होता. दोन पावसाळ्यांत प्लास्टिक चिकट झालं आणि शिक्क्याची शाई त्याला लागली. तो पीव्हीसीचा प्रकार होता. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे कडक, वास नसलेले खिसे घ्या. उघडल्यावर प्लास्टिकचा उग्र वास आला तर घेऊ नका.

आपला शत्रू दमट हवा. तिच्यामुळे कागदावर तांबूस ठिपके पडतात, बुरशी धरते आणि न वापरलेल्या तिकिटाचा डिंक स्वतःच ओला होऊन चिकटतो. अल्बम उभे ठेवा, एकावर एक रचू नका. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको. पावसाळी भिंत आतून पाझरते. मी घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवते. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर परतून कोरडं करते, पण त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. श्रावणात ऊन पडलं की घरात, सावलीत, पंख्याखाली अल्बम तासभर उघडे ठेवायचे. थेट उन्हात कधीच नाही, रंग उडतात.

डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ प्लास्टिकला आणि शाईला बाधते. लॅमिनेशन तर अजिबात नको. लॅमिनेट केलेलं कव्हर संग्रहातून गेलंच म्हणून समजा. कसर लागू नये म्हणून सर्वांत चांगला उपाय म्हणजे महिन्यातून एकदा अल्बम हातात घेऊन पानं चाळणं.

१६. पुरात भिजलेली कव्हरं वाचतात का?

जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पाणी घरात शिरलं, तेव्हापासून हा प्रश्न मला दर पावसाळ्यात येतो. वाचतात, पण पहिल्या दोन दिवसांत हालचाल करावी लागते. ओली पाकिटं एकमेकांपासून ओढून काढू नका. चिखल असेल तर पसरट ताटात स्वच्छ पाण्यात अलगद बुडवून बाहेर काढा, चोळू नका. मग पांढऱ्या टिपकागदांच्या मध्ये ठेवून पंख्याखाली वाळवा आणि कागद बदलत राहा. वर्तमानपत्र वापरू नका, शाई उतरते.

सगळं एकाच वेळी उरकणार नसेल तर उरलेला गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, आणि तुम्हाला सवडीनं थोडं थोडं काढता येतं. वीज नसेल तर शेजारच्या गावात कुणाच्या तरी फ्रीजमध्ये ठेवा. आमच्याकडे तेव्हा एका ओळखीच्या मासळीवाल्यानं बर्फाच्या पेटीत जागा दिली होती आणि चाळीसएक कव्हरं वाचली.

१७. लग्नात आमच्या फोटोचं तिकीट छापून पाकिटावर लावलं होतं. ते फर्स्ट डे कव्हर धरायचं का?

ते 'माय स्टॅम्प', जे आपल्याकडे २०११ पासून मिळू लागलं. टपालाला चालतं, पण नवीन तिकीट म्हणून ते प्रसिद्ध होत नाही, म्हणून त्याचा 'पहिला दिवस' नसतो. घरच्या आठवणीत ठेवा.

१८. कव्हर खरं आहे की बनावट, हे घरच्या घरी कळतं का?

काही प्रमाणात. शिक्क्याची रेघ तिकिटावरून पाकिटावर सलग गेली पाहिजे. तिकिटाच्या कडेला ती तुटत असेल किंवा सरकलेली दिसत असेल तर तिकीट नंतर लावलेलं आहे. भिंगातून चित्र बघा. ठिपक्याठिपक्यांचं दिसलं आणि कव्हर पन्नासच्या दशकातलं म्हणून विकत असतील तर ते रंगीत प्रिंटआउट असण्याची शक्यता आहे. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरा. आजचा पांढरा कागद निळसर चमकतो, १९४८ चा कागद तसा चमकत नाही.

सर्वांत जास्त फसवणूक गांधीजींच्या १५ ऑगस्ट १९४८ च्या संचात होते, त्यातही दहा रुपयांच्या तिकिटात. ही तिकिटं स्वित्झर्लंडमध्ये कूर्वाझिए यांच्याकडे छापली गेली आणि कडेच्या छिद्रांचं माप (दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं ते) साडेअकरा आहे. माप वेगळं आलं तर पुढे बघायचीही गरज नाही. मीही एका विक्रेत्याकडून एकदा असं कव्हर घेतलं होतं. पैसे परत मिळाले नाहीत. ते आता मी नव्या मुलांना बनावट कसं ओळखायचं ते दाखवायला वापरते.

१९. माझ्या कव्हरांची किंमत किती येईल?

सत्तरच्या दशकानंतरची खात्याची कोरी कव्हरं फार मोठ्या संख्येनं निघाली आहेत. त्यांना भाव थोडाच येतो, हे आधीच सांगितलेलं बरं. जुनी, प्रवास केलेली, छोट्या गावाच्या स्वच्छ शिक्क्याची कव्हरं वेगळी. फोटोवरून मी किंमत सांगत नाही. विकायचंच असेल तर महापेक्ससारख्या टपाल तिकिटांच्या प्रदर्शनात घेऊन जा, तीन-चार जणांना दाखवा आणि घाई करू नका.

२०. कव्हरावरची तारीख तिकिटाच्या प्रसिद्धीच्या आधीची आहे. हे शक्य आहे का?

शक्य आहे. तिकिटं आधीच पोस्टांत पोचलेली असतात, आणि एखाद्या ठिकाणी ती चुकून लवकर विकली जातात. अशा कव्हराला फर्स्ट डे म्हणत नाहीत, पण त्यांची स्वतंत्र आवड असणारे संग्राहक आहेत. मात्र आधी शिक्क्यातला महिना आणि साल नीट तपासा. शिक्क्याचे आकडे रोज हातानं बदलावे लागत, आणि कालचाच आकडा राहून जाणं किंवा साल उलटं बसणं हे नित्याचं होतं. मागच्या बाजूला पोचल्याचा शिक्का असेल तर तोच निकाल देतो.

२१. शाळेतल्या मुलांसाठी काही योजना आहे का?

आहे. टपाल खात्याची 'दीनदयाल स्पर्श' शिष्यवृत्ती सहावी ते नववीच्या मुलांसाठी आहे, वर्षाला ६००० रुपये. त्यासाठी शाळेच्या फिलाटेली क्लबचं सभासदत्व किंवा मुलाच्या नावानं ठेव खातं (प्रश्न ३) लागतं. प्रश्नमंजुषा आणि प्रकल्प असतो. प्रकल्पासाठी एक सुचवते: स्वतःच्या गावाच्या पोस्टाचा इतिहास.

२२. पाकिटात पत्रही आहे, आणि त्यात घरगुती, दुखऱ्या गोष्टी आहेत. प्रदर्शनात लावू का?

पाकीट लावा, पत्र नको. लिहिणारा आणि ज्याला लिहिलं तो, दोघेही गेले असले तरी त्यांची मुलं-नातवंडं त्याच वाडीत असतात. माझ्याकडे एक पत्र आहे, गिरणीतल्या एका मुलानं आईला लिहिलेलं, ज्यात त्यानं आजार लपवला आहे. पाकीट मी दोनदा प्रदर्शनात ठेवलं, पत्ता पांढऱ्या पट्टीनं झाकून. पत्र त्याच्या पुतण्याला नेऊन दिलं. त्यानं ते पडवीत बसून वाचलं, घडी केली आणि आत देवाजवळ ठेवायला गेला.